वजन नसलेल्या जगातील जीवसृष्टी

(पूर्णा येथे भरलेल्या आपल्या समाजाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मेळाव्याच्या चालकांनी मला व्याख्यानाचे निमंत्रण दिले, तेव्हा विषयाची निवड माझ्यावरच सोपविली. मी विषय कळविला आणि त्यांच्यापैकी एकदोघे किंचित गोंधळले. "गुरुजी, आपल्या मेळाव्यात उपवर मुलामुलींची ओळख होते, गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, माती मिळत नाही, आवा लावावयास जागा नाही, अशी गाऱ्हाणी मांडली जातात, त्यात हे आकाशातले प्रकरण कोठे बसावयाचे?" असे त्यांनी आडून विचारलेही. त्यांची शंका रास्त होती. मी एवढेच म्हणालो की, व्याख्यान पुरते ऐकून घ्यावे. आकाशात सुरू झालेला विषय अखेरीस आपल्याच ओसरीवर येऊन टेकणार आहे.

विषय थोडक्यात असा आहे. पृथ्वीवरील प्रत्येक जीव वजनासह जन्मतो, वजनासह वाढतो आणि वजनासहच मातीस मिळतो. हे वजन उद्या नाहीसे झाले, आणि तेही दोन-चार दिवसांपुरते नव्हे तर पिढ्यान्‌पिढ्या नाहीसे झाले, तर त्या जीवांचे रूप कसे बदलत जाईल? माणसाने अंतराळात घर बांधल्यापासून हा प्रश्न केवळ कल्पनेचा राहिलेला नाही.

प्रथम वजन नाहीसे होते म्हणजे काय, ते पाहू. पुष्कळांची अशी समजूत असते की, आकाशात फार उंच गेले की पृथ्वीची ओढ संपते. तसे नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरते आणि तेथे पृथ्वीची ओढ येथल्यापेक्षा जेमतेम दहा टक्क्यांनी कमी असते. मग तेथील माणसे तरंगतात कशी? महादेवाच्या पिंडीवर टांगलेली गळती आपण सर्वांनी पाहिली आहे. मडक्याच्या बुडाशी भोक असते आणि त्यातून पाण्याची धार लागलेली असते. समजा, तिची दोरी तुटली. मडके खाली येईपर्यंतच्या त्या क्षणभरात भोकातून थेंबही गळत नाही. कारण पाणी ज्या वेगाने खाली येऊ पाहते त्याच वेगाने मडकेही खाली येत असते, आणि पाण्याचा भार मडक्यावर पडतच नाही. घरी मुलांनी पत्र्याच्या डब्यास भोक पाडून हा प्रयोग अवश्य करून पाहावा. अंतराळ स्थानक हे असेच सतत पडत राहिलेले मडके आहे. ते ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने पुढे जात असते, म्हणून पडता पडता पृथ्वीच्या गोलाईला वळसा घालीत राहते आणि जमिनीवर कधी आदळत नाही. दीड तासात त्याची एक प्रदक्षिणा होते. आतील माणसे, बी-बियाणे, पाण्याचे थेंब, सर्वच एकत्र पडत असल्यामुळे कोणाचा भार कोणावर नाही. हीच वजनरहित अवस्था होय.

आता जीवसृष्टीकडे वळू. पृथ्वीवर जीव निर्माण झाल्यास साडेतीनशे कोटी वर्षांहून अधिक काळ लोटला. या अवधीत थंडी आली, ऊन आले, समुद्र आटले, डोंगर उठले, हवेतील वायूही बदलले. मात्र एक गोष्ट बदलली नाही: खालची दिशा खालीच राहिली आणि ओढही तितकीच राहिली. त्यामुळे या ओढीची छाप प्रत्येक मोठ्या जीवाच्या घडणीत उमटली आहे. हरणाचा पाय काटकुळा आणि हत्तीचा पाय खांबासारखा का, याचा उलगडा गॅलिलिओने १६३८ साली केला. प्राणी लांबी-रुंदी-उंचीने दुप्पट झाला तर त्याचे वजन आठपट होते, पण हाडाच्या छेदाचे क्षेत्र चौपटच होते. म्हणून हाड प्रमाणाबाहेर जाड व्हावे लागते. रांजण घडविणाऱ्यास हे निराळे सांगावयास नको. पणतीच्या जाडीने रांजण घडविला तर तो ओला असतानाच बसतो.

सापाचे उदाहरण याहून मनोरंजक आहे. झाडावर उभा चढणाऱ्या सापांचे हृदय डोक्याच्या बरेच जवळ असते, कारण रक्त वर चढविणे त्यांस भाग असते. आणि जन्मभर पाण्यात राहणाऱ्या सापांचे हृदय शरीराच्या मध्याकडे सरकलेले असते, कारण पाण्याच्या आधारामुळे तो भार त्यांना जाणवत नाही. एकाच कुळातील प्राणी; पण ज्याला जितकी ओढ सोसावी लागली तितका त्याच्या आतील मांडणीत फरक पडला.

मग ही ओढ कमी झाल्यावर काय घडते, याचा एखादा दाखला निसर्गानेच घडवून ठेवला आहे काय? अगदी तंतोतंत नाही. पण जवळचा एक आहे, आणि त्याची सुरुवात आपल्याच देशात सापडली आहे. जम्मू-काश्मीरमधील कालाकोट भागातून भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी जमविलेल्या खडकांत इंडोहायस नावाच्या प्राण्याची हाडे निघाली, आणि तो देवमाशाच्या अगदी जवळच्या गोतातील आहे असे २००७ साली प्रसिद्ध झाले. सुमारे ४ कोटी ८० लक्ष वर्षांपूर्वीचा हा प्राणी मांजरापेक्षा फारसा मोठा नव्हता; चार पायांचा होता आणि उथळ पाण्यात वावरत असे. त्याच्या भाऊबंदांपैकी जे कायमचे पाण्यात गेले त्यांचा भार पाण्याने उचलला. सुमारे ४ कोटी वर्षांपूर्वीच्या देवमाशांत मागचे पाय अंगाच्या मानाने इवलेसे राहिलेले दिसतात. आजच्या देवमाशांत तर कमरेच्या हाडाचा अवशेष तेवढा शरीरात दडलेला असतो. पाय गेले, आणि शरीर मात्र जमिनीवर कोणत्याही प्राण्याला परवडणार नाही इतके प्रचंड झाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये कोकणात गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचे एक पिल्लू वाळूत येऊन अडकले. लोकांनी दिवसरात्र खटपट करून त्यास समुद्रात सोडले, तरी ते वाचले नाही. मोठा देवमासा किनाऱ्यावर लागला म्हणजे त्याचे स्वतःचे वजनच त्याच्या अंगावर येते. पूर्वजांनी जो भार टाकून दिला तो वंशजाला पुन्हा उचलता येत नाही.

पाण्यात भार हलका होतो. पण वर-खालीची जाणीव पुसली जात नाही. ती पुसण्याची युक्ती माणसाने फार पूर्वी शोधली, आणि बंधुभगिनींनो, ती युक्ती म्हणजे चाक! १८०६ साली टॉमस अँड्र्यू नाइट या इंग्रज बागाईतदाराने पाण्याच्या धारेवर फिरणाऱ्या उभ्या चाकास घेवड्याचे बी बांधले आणि चाक वेगाने फिरत ठेवले. कोंब चाकाच्या मध्याकडे वळले आणि मुळे बाहेरच्या बाजूस गेली. आपल्या चाकावर गोळा मध्यावर न बसता वेगात बाहेर फेकला जातो, तोच जोर त्या मुळांनी 'खाली' म्हणून मानला. म्हणजे रोपाला जमीन कळत नाही. त्याला फक्त ओढीची दिशा कळते. पुढे चार्ल्स डार्विनने आपला पुत्र फ्रान्सिस याच्या साहाय्याने मुळाच्या टोकाशी ही जाणीव असते असे १८८० साली दाखविले. त्या टोकातील पेशींत पिठाचे सूक्ष्म कण असतात; ते ज्या बाजूस बसतात ती बाजू खालची, असा मुळाचा हिशेब असतो.

नाइटचे उभे चाक अगदी सावकाश फिरविले तर काय होते? बाहेर फेकण्याचा जोर राहत नाही, आणि पिठाचे कण एका बाजूस बसण्यापूर्वीच ती बाजू वर गेलेली असते. रोपाला दिशाच सापडत नाही. या तत्त्वावर ज्यूलियस झाक्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने जे यंत्र प्रचारात आणले त्यास क्लिनोस्टॅट म्हणतात. आपले चाक आडवे पडून फिरते, हे कडेवर उभे राहून फिरते. एवढाच काय तो फरक. यात पृथ्वीची ओढ जात नाही, फक्त तिची दिशा सर्व बाजूंस सारखी वाटली जाते, हे मात्र लक्षात ठेवले पाहिजे.

असे यंत्र वापरून आपल्या महाराष्ट्रातही संशोधन झाले आहे. पुणे विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात डॉ. पंडित विद्यासागर आणि त्यांचे सहकारी यांनी भाताचे बी क्लिनोस्टॅटवर फिरवून रोपांच्या वाढीवर आणि हरितद्रव्यावर काय परिणाम होतो याचा अभ्यास केला आणि तो २०११ साली प्रसिद्ध झाला. उलट बाजूनेही त्यांनी परीक्षा पाहिली. गव्हाचे बी वेगाने फिरणाऱ्या यंत्रात ठेवून त्यावर पृथ्वीच्या ओढीच्या शेकडो पट भार काही मिनिटे दिला, तेव्हा पुढे त्या रोपांची वाढ मंदावलेली आढळली. हेच डॉ. विद्यासागर पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आपल्या परभणी जिल्ह्यातील महाविद्यालये याच विद्यापीठात मोडतात. तेव्हा हा विषय परक्या मुलखातला आहे असे आमच्या पूर्णेकरांनी मुळीच समजू नये.

चाकावरून आता प्रत्यक्ष आकाशात जाऊ. ३० डिसेंबर २०२४ रोजी इस्रोने सोडलेल्या अग्निबाणाच्या शेवटच्या टप्प्यात एका लहानशा पेटीत चवळीचे आठ दाणे ठेवलेले होते. चौथ्या दिवशी त्यांस मोड आले आणि पुढे पानेही फुटली. जून-जुलै २०२५ मध्ये आपले शुभांशु शुक्ला अठरा दिवस अंतराळ स्थानकात राहिले. त्यांनी मूग आणि मेथी यांस तेथे मोड आणले. ही कल्पना धारवाडच्या संशोधकांची. ते बी परत आणून पिढ्यामागून पिढ्या लावून पाहावयाचे, अशी त्यांची योजना आहे. यातील 'पिढ्यामागून पिढ्या' हे शब्द ध्यानात ठेवावेत. सर्व विषयाची किल्ली त्यांतच आहे.

मात्र अशा प्रयोगांचा निष्कर्ष काढताना घाई करून चालत नाही. तेरच्या गोरोबाकाकांनी संतमंडळींच्या मस्तकावर थापटणे मारून कोणते मडके पक्के, कोणते कच्चे हे पारखले, ही कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. शास्त्रातही हीच रीत आहे. १९९६ साली रशियाच्या मीर स्थानकात गहू लावला. कणसे भरपूर आली, पण एकातही दाणा भरला नाही. वजन नसले म्हणजे गहू वांझ होतो, असे कोणीही म्हटले असते. पारख केली तेव्हा दोष निराळाच निघाला: बंद जागेत इथिलीन नावाचा वायू साठला होता आणि त्याने दाणा धरू दिला नव्हता. पुढे तो वायू सोसणारे वाण लावले, तेव्हा त्याच स्थानकात गव्हाला दाणे आले. पहिला निष्कर्ष कच्चे मडके होता. थापटणे बसताच फुटला.

प्राण्यांचे अनुभव याहून विलक्षण आहेत. १९९० साली मीर स्थानकात लाव्याची पिल्ले अंड्यांतून बाहेर आली. पण पायाखाली जमीन नसल्यामुळे त्यांना दाण्यापाशी स्थिर राहता येईना. १९९१ साली अमेरिकन यानातून जेलीमाशांची हजारो पिल्ले नेली. तेथे वाढलेल्या कित्येकांना पृथ्वीवर परत आल्यावर धड पोहता येईना. वजनाच्या जगाची सवय त्यांस लहानपणी लागलीच नव्हती. माणसाचे म्हणाल तर तेथे भार पेलणाऱ्या हाडांतील खनिज दरमहा सुमारे एक ते दीड टक्का झिजते आणि रोज दोन तास व्यायाम करून ती झीज आवरावी लागते. सुनीता विल्यम्स २८६ दिवसांनी मार्च २०२५ मध्ये परतल्या, तेव्हा त्यांना यानातून बाहेर येण्यास इतरांनी हात दिला, हे आपण दूरदर्शन संचावर पाहिलेच आहे.

येथवर ऐकून कोणासही वाटेल की, अंतराळवीराचे हाड बारीक झाले, आता त्याचे मूल आणखी बारीक हाडाचे होईल आणि दहा पिढ्यांनी हाडच उरणार नाही. शंभरांतील नव्वद लोक उत्क्रांतीचा अर्थ असाच करतात, आणि नेमका तो चुकीचा आहे. आपल्याकडे मुलांचे कान टोचण्याची चाल किती शतकांची आहे! तरीही आजपर्यंत टोचलेल्या कानाचे मूल एकाही घरी जन्मास आले नाही. ऑगस्ट वाइसमान या जर्मन शास्त्रज्ञाने उंदरांच्या शेपट्या पिढ्यान्‌पिढ्या कापून पाहिल्या. प्रत्येक वेळी पिल्लू शेपटीसह जन्मले. आयुष्यात शरीराला आलेला बाक, पडलेला घट्टा, झिजलेले हाड हे त्या शरीराबरोबरच संपते. संततीकडे जाते ते बीजातील जनुकांचे लिखाण.

मग वंश बदलतो कसा? याचे उत्तर १९९४ सालच्या एका प्रयोगात आहे. मेदाका नावाच्या चार चिमुकल्या जपानी माशांनी त्या वर्षी अंतराळात अंडी घातली. एकूण त्रेचाळीस अंडी, त्यांतून आठ पिल्ले तेथेच बाहेर पडली. वजनरहित अवस्थेत समागम होऊन संतती निपजली असे पाठीच्या कण्याचे हे पहिलेच प्राणी. पण खरी गंमत पुढेच आहे. साधारण मासा वजन नाहीसे होताच दिशाभूल होऊन गोल गोल गिरक्या घेऊ लागतो. क्षणभर वजन नाहीसे करणाऱ्या विमानफेऱ्यांत मेदाकाची निरनिराळी कुळे नेऊन पाहिली, तेव्हा काही मासे गिरक्या घेत नाहीत असे आढळले. ते नजरेच्या आधाराने स्थिर राहत. शास्त्रज्ञांनी तेच निवडून पाठविले. पाहा, अंतराळाने त्या माशांना नवा गुण दिला नाही. तो गुण पृथ्वीवरच, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, काहींच्या ठायी होता. नवी परिस्थिती येताच तो उपयोगी ठरला. येथे निवड माणसाने केली. निसर्गात तीच निवड परिस्थिती करते. निभावणाऱ्यांची संतती वाढते, इतरांची घटते, आणि शेकडो पिढ्यांनी सारा वंशच निराळा दिसू लागतो.

पिढ्या हव्यात, हेच येथे कळीचे आहे. अंतराळ स्थानकात २ नोव्हेंबर २००० पासून माणसाचा वास अखंड आहे. पण तेथे आजवर एकही मूल जन्मलेले नाही. माणसाच्या वजनरहित उत्क्रांतीचा आरंभसुद्धा झालेला नाही. जिवाणूंची गोष्ट निराळी. ते अनुकूल स्थितीत अर्ध्या तासाच्या आत दुणावतात. अमेरिकेतील ह्यूस्टन विद्यापीठात आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय जिवाणूच्या एक हजार पिढ्या सावकाश फिरणाऱ्या भांड्यात वाढविल्या. पुन्हा येथेही चाकच! २०१७ साली निकाल प्रसिद्ध झाला. हजाराव्या पिढीच्या जनुकांत सोळा बदल आढळले, आणि न फिरविलेल्या भावंडांबरोबर त्याच भांड्यात सोडले असता त्यांची संख्या सुमारे तिपटीने सरस ठरली. पुढे काही पिढ्या साध्या भांड्यात वाढवूनही ती सरशी पुरती गेली नाही. माणसाच्या एक हजार पिढ्या म्हणजे सुमारे पंचवीस हजार वर्षे; हे पाहिले म्हणजे जिवाणूने आपल्याला किती पुढचे दाखविले ते कळते.

सूक्ष्म जीवांचा विषय निघाला आहे, तर आपल्या कोल्हापुरात जन्मलेल्या डॉ. जयंत नारळीकर यांचे स्मरण केल्यावाचून पुढे जाववत नाही. २० मे २०२५ रोजी ते निवर्तले. त्यांच्या पुढाकाराने हैदराबादहून प्रचंड फुगे सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा निर्जंतुक नळ्यांत भरून आणली गेली. २००५ सालच्या उड्डाणातील नमुन्यांची तपासणी हैदराबाद आणि पुणे येथील प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे केली आणि तीत जिवाणूंच्या तीन नव्या जाती निघाल्या, असे २००९ साली जाहीर झाले. एकीस आर्यभटाचे नाव दिले. एवढ्या उंचीवर वजन नाहीसे होत नाही. परंतु धुळीच्या कणाहून लहान असलेल्या जीवाला वजनाची मातब्बरी ती काय! पुढे आर्यभटाच्या नावाचा तो जिवाणू शेतातील पिकांच्या मुळांजवळच्या मातीतही सापडला. आकाशात शोधावयास गेलो आणि मातीतला सोयरा भेटला, असेच म्हणावयाचे.

आता मुख्य प्रश्नाचे उत्तर द्यावयास हरकत नाही. वजन नसलेल्या जगात हजारो पिढ्या गेल्या तर काय होईल? जे. बी. एस. हॉल्डेन हे थोर जीवशास्त्रज्ञ १९५७ साली भारतात येऊन येथलेच झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे निवर्तले. त्यांनी १९६२ साली लंडनच्या एका परिसंवादात या प्रश्नाचा विचार मांडला होता. कमी ओढीच्या जगात माणसापेक्षा गिबन जातीचे वानर अधिक सोयीचे ठरेल, पकड घेणारे पाय आणि शेपूटसुद्धा तेथे कामी येईल, आणि पाय नसलेला मनुष्य अंतराळवीर म्हणून उणा ठरणार नाही, उलट सरस ठरेल, असे ते म्हणाले. यातील शेवटचे विधान मला फार मोलाचे वाटते. एका जगात जे व्यंग, ते दुसऱ्या जगात सामर्थ्य.

माझ्या अल्पमतीने त्यास एवढीच जोड देतो. जाड हाड पोसण्यास अन्न लागते. ज्यास त्याची गरज नाही त्याच्या वंशात ते सडपातळ होत जाईल. झाडास भक्कम खोडाचे कारण उरणार नाही. वर-खाली कळविणारी इंद्रिये मंदावतील आणि नजर व स्पर्श यांवर भार येईल. गाई-म्हशींसारख्या रवंथ करणाऱ्या प्राण्यांची मोठी अडचण होईल. कारण तेथे बुडबुडा वर येत नाही आणि पोटातील वायू ढेकरेवाटे बाहेर पडणे दुरापास्त होईल. अर्थात हे सर्व अनुमान आहे. यास अद्याप थापटणे लागावयाचे आहे.

परंतु अशा वस्तीत वजनाच्या अभावापेक्षाही आणखी एक गोष्ट प्रबळ ठरेल, आणि ती म्हणजे वस्तीचे लहानपण. दोन-चारशे माणसे दूर जाऊन राहिली आणि आपसांतच सोयरिकी करीत राहिली, तर पहिल्या काही घराण्यांत योगायोगाने जे गुणदोष असतील तेच पुढे सर्वांत पसरतील. हे समजण्यास आकाशात जाण्याचे कारण नाही. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील आणि अमेरिकेतील संशोधकांनी आपल्या उपखंडातील दोनशे साठांहून अधिक समूहांचे जनुक तपासून २०१७ साली दाखविले की, यांतील पुष्कळसे समूह मोजक्या पूर्वजांपासून वाढलेले आणि शतकानुशतके आतल्या आत विवाह करीत आलेले आहेत. त्यामुळे विशिष्ट आनुवंशिक रोग विशिष्ट समूहांत जपले गेले आहेत. मामाची मुलगी किंवा आत्याचा मुलगा पाहण्याची आपल्या मराठवाड्यातील चाल मायेची आहे, हे मी जाणतो. पण ज्या घरी एकाच तऱ्हेचा आजार दोन मुलांत दिसला असेल, त्या घराने तरी पुढची सोयरीक जुळविण्यापूर्वी जाणत्या वैद्याचा सल्ला घ्यावा, अशी माझी हात जोडून विनंती आहे. आपल्या वधूवर-सूचीत गोत्र आणि शिक्षण यांचे रकाने आहेत. रक्ततपासणीचाही एक असावा. सोयरिकीचे वर्तुळ जितके मोठे, तितकी प्रजा सुदृढ.

आणि आता मी ओसरीवर येतो. माझ्या लहानपणी येथे मीटरगेजच्या गाड्या होत्या आणि आमच्या घरामागेच रेल्वेच्या नोकरांची घरे होती. वडील चाकावर बसत तेव्हा आमचे चुलते मला म्हणत, "कुंभाराच्या पोराला चाक शिकवावे लागत नाही, ते रक्तातच असते." मी चाकावर बसलो, आणि गोळा मध्यावर बसेना. दहा वेळा फेकला गेला. वडिलांनी माझा हात धरून दोन उन्हाळे शिकविले तेव्हा कोठे मला पणती जमली. शेजारच्या रेल्वेघरातला एक मुलगा माझ्या आधी गोळा बसवावयास शिकला. त्याच्या सात पिढ्यांत कोणी चाक पाहिले नव्हते. पुढे मी शाळेत शास्त्र विषय मागितला, तेव्हा तेथील एक गुरुजी म्हणाले, "तुझ्या हाताला मातीच शोभते." चुलत्यांनी मायेने म्हटले होते, गुरुजींनी उपहासाने, पण दोघांचा समज एकच होता. माणूस काय करू शकेल हे जन्मानेच ठरून आलेले असते, असे दोघेही मानीत होते. मला स्वतःला याचे उत्तर सापडावयास पुष्कळ वर्षे लागली. चाकाचे कसब बीजात लिहिलेले नाही आणि गणिताची भीतीही बीजात लिहिलेली नाही. टोचलेल्या कानाप्रमाणे ही दोन्ही ज्याच्या त्याच्या आयुष्यातच घडतात.

यातून दोन गोष्टी निघतात. एक आशेची आणि एक सावध करणारी. आशेची अशी की, आपल्या कोणत्याही मुलास, आणि मी मुद्दाम म्हणतो, कोणत्याही मुलीस, शास्त्राचे कोणतेही दार जन्माने बंद नाही. आज ज्यांचा सत्कार झाला त्यांच्यापैकी एखादीने उद्या अंतराळात भाताचे बी लावले, तर मला नवल वाटणार नाही. सावधगिरीची अशी की, जे रक्तातून उतरत नाही ते शिकविले नाही तर एका पिढीत नाहीसे होते. मुलांनी नोकरीस जावे, शिकावे, परदेशीही जावे. परंतु ज्या घरी आजोबांना अद्याप रांजण घडविता येतो, त्या घरच्या नातवंडांनी सुटीत दोन उन्हाळे त्यांच्याजवळ बसून ते शिकून घ्यावे. पोटासाठी त्याची गरज पडणार नाही कदाचित. पण ते एकदा गेले तर कोणत्याही बीजातून पुन्हा उगवणार नाही.

पूर्णा येथून जवळच गोदावरीस मिळते. तिच्या काठची माती आपल्या वाडवडिलांनी चाकावर चढविली. त्याच चाकाचे उभे रूप आज जगभरच्या प्रयोगशाळांत फिरत आहे.